धुळ्याचे पाणी

आमच्या मूळ गावी, राजस्थानात, लेक दिली त्या गावचे पाणी बाप पीत नाही. माझे आजोबा आत्याला भेटायला जात तेव्हा ओल्या फडक्यात गुंडाळलेली पितळी लोटी सोबत नेत. ती रिकामी झाली की भेट संपली. एकदा दिलेल्या लेकीच्या दारचे काही घ्यायचे नाही, एवढाच तो नियम. मी तो केवळ ऐकून होते. मी कडेवर असतानाच आईवडील जळगावला आले, आणि इकडे आल्यावर आमच्या घरातली एकही लेक अजून सासरी गेली नव्हती. म्हणून धुळ्याला त्या दुपारी जे घडले, त्याचा अर्थ मलाही लागला नाही.

वडील फरशीला पॉलिश करीत. संध्याकाळी परतत तेव्हा त्यांच्या भुवयांवर आणि कानांच्या पाळ्यांवर दगडाची पांढरी पूड बसलेली असे. ते हातपाय धुऊ लागले की मोरीतून ओल्या दगडाचा गार वास घरभर पसरे. उंबऱ्याच्या आत मारवाडी, बाहेर मराठी. ही बाहेरची भाषा मी गल्लीत वेचली, भाजीवाल्यांच्या हाळ्यांतून आणि शाळेच्या प्रार्थनेतून. आणि शेजारणीची साडी नेसावी तशी, डाग पडू नये म्हणून जपून वापरली.

बारावीत असताना आमच्या काव्यवाचनाच्या स्पर्धेला परीक्षक म्हणून धुळ्याच्या एका महाविद्यालयातल्या मराठीच्या प्राध्यापक बाई आल्या होत्या. बक्षीस त्यांनी दुसऱ्याच मुलीला दिले. निघताना मात्र माझ्यापाशी थांबून म्हणाल्या, "तू शब्द गिळत नाहीस, चाखतेस. मराठी शिकायला ये आमच्याकडे." ते वाक्य मी कितीतरी दिवस खडीसाखरेसारखे गालात धरून हिंडले.

घरी ते विरघळेना. "जळगावात कालेज नाही काय?" वडील म्हणाले. "कॉमर्स घे, घरचं खा, घरी झोप." आई पोळपाटावरून मान वर न करता म्हणाली, "छोरी घरातून एकदाच निघते." पुढे माझे गप्प राहणे वडिलांना सोसेना, तेव्हा ते म्हणाले, "जागा बघतो. मनाला आली नाही तर हा विषय पुन्हा काढायचा नाही. कबूल?"

मी कबूल झाले.

जूनमधली एसटी. खिडकीची दांडी हात लावू देत नव्हती. बाहेर नांगरून ठेवलेली काळी राने, पारोळ्याच्या फाट्यावर भाजलेल्या शेंगांचा वास. आईने मांडीवरची पिशवी धुळे येईपर्यंत सोडली नाही.

बाई मुलींच्या वसतिगृहाच्या रेक्टरही होत्या. त्यांच्या खोलीत वाळ्याचा गंध होता. खुर्चीमागच्या भिंतीवर निळ्या कोटातली तसबीर आणि तिला मोगऱ्याचा ताजा हार. आम्हाला पाहताच त्या उठल्या आणि शिपायाला हाक न मारता स्वतः माठातले पाणी काढून आणले. स्टीलच्या पेल्यांना बाहेरून दव धरले होते.

"नको अक्का," वडील हात जोडून म्हणाले, "तहान नाही."

त्यांचे ओठ पांढरे पडले होते.

"मग चहा सांगते."

"चहा सोडला."

सकाळीच त्यांनी बशीभरून चहा घेतला होता. मी आईकडे पाहिले. तिने पदर पुढे ओढला. बाईंनी पेले उचलले आणि पुन्हा माठाशेजारी ठेवले. त्यांचा आवाज तेवढ्यातच बदलला, सावली सरकावी तसा.

वसतिगृह त्यांनी दाखवले, पण आता माहिती सांगावी तसे. वडिलांनी चपला काढून फरशीवरून तळवा फिरवला. आईने एका खोलीची कडी लावून पाहिली, काढून पाहिली, पुन्हा लावली. भोजनगृहात लसणाच्या फोडणीची खिचडी नुकतीच उतरली होती. "दोन घास तरी," बाई म्हणाल्या. आई उंबऱ्याबाहेरच थांबली.

"बघून झालं असेल तर," बाई मला म्हणाल्या, माझ्या आईवडिलांना नव्हे, "निर्णय तुम्ही घरी घ्या. आग्रह नाही माझा."

विषय संपल्यात जमा होता.

बाहेर निंबाखाली आईने पिशवीतून जळगावहून भरून आणलेली बाटली काढली. वडील मान मागे टाकून घटाघटा प्यायले. ऊन लागून ते पाणी केव्हाच कोमट झालेले असणार. बाई व्हरांड्यातून हे पाहत होत्या. त्या पायऱ्या उतरून आल्या आणि एरवी ज्यांच्या मराठीत एक अक्षर इकडचे तिकडे होत नसे, त्या आपल्या गावच्या बोलीत म्हणाल्या, "आमनं पानी चालस नै का, भाऊ?"

वडिलांनी बाटली आईच्या हाती दिली.

"पाणी नाकारणं म्हणजे काय, हे आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे," बाई म्हणाल्या. "माझ्या आजीला विहिरीवर चढू देत नव्हते. तुम्हाला तसंच काही असेल, तर तोंडावर सांगा."

"ना, ना, अक्का! राम राम!" वडिलांनी कानाला हात लावले. त्यांचे मराठी घाबरून हिंदीत पळाले आणि परत आले. "ती बात नाही. बेटी जिथं दिली, तिथलं पाणी आमच्यात पीत नाही. बाप पीत नाही, माँ पीत नाही. पाप लागतं."

बाईंच्या चेहऱ्यावर हसू उमटले.

"म्हणजे पोरगी तुम्ही दिलीच की आम्हाला! आणि मी समजत होते, नाकारली."

वडील माझ्याकडे पाहू लागले. आपण मनात काय करून बसलो आहोत, हे त्यांनाही त्याच वेळी कळले असावे. आईने डोळ्यांना पदर लावला. ती एवढे दिवस माझे शिक्षण अडवत नव्हती. माझी पाठवणी लांबवत होती.

"अहो ताई," बाई तिच्या शेजारी निंबाच्या पारावर बसल्या, "हाई काय सासर शे का? कालेज शे! दिवाळीला येईल की पोर घरी. सासरची का अशी सुटका होते?"

आई हसली, पण बाटली तिने सोडली नाही.

"मला बहीण समजा भाऊ, आणि घ्या पाणी."

"बहिणीच्या घरचं पण चालत नाही, अक्का," वडील ओशाळून म्हणाले.

"अरे देवा! मग तुम्हीच सांगा, मी होऊ तरी कोण?"

उत्तर आईने दिले. परक्या माणसासमोर तिचा आवाज मी पहिल्यांदाच ऐकला. "ओ तो म्हारो पीहर है." हे तर माझे माहेर. माहेरी बाई पोटभर जेवते, माहेरचे पाणी कुणाला वर्ज्य नसते. आणि मुलगी आजोळी जाते ती परत येण्यासाठीच.

"मग जावईबुवांना नुसतं पाणी कसं देणार?" बाई उठल्या. "चला, खिचडी निवतेय."

वडिलांनी आधी पाणी मागितले. पेला ओठांना न लावता, वरून धार धरून, डोळे मिटून ते प्यायले. घशातून पाणी उतरण्याचा तो आवाज मला अजून ऐकू येतो. पुढे मी कितीतरी छंद शिकले, पण त्या लयीचा एकही सापडला नाही.

पुढची वर्षे मी धुळ्याला शिकले. आई भेटायला येई ती माहेरी यावी तशी, केर-सांगरीच्या वाळवलेल्या भाजीची पुरचुंडी घेऊन, बाईंशी तासभर बोले आणि मला अखेरीस विचारी, "जेवलीस ना?"

आता मी जळगावात मराठी शिकवते. लग्न होऊन माझे घर वडिलांच्या घरापासून रिक्षाच्या अंतरावर आहे. ते येतात, सोफ्याच्या कडेला टेकतात आणि स्वतःची बाटली काढतात. मी रागावले की म्हणतात, "इथं नाही. धुळ्याला जाऊ तेव्हा पिईन."

आणि खरेच, निवृत्त झालेल्या बाईंच्या दारात चपला काढता काढताच ते आत हाक देतात, "अक्का, पाणी आणा आधी!"