‘सादर करा’चं बटण

मुक्त विद्यापीठाच्या आमच्या केंद्रात वर्ग फक्त रविवारी भरतात, कारण विद्यार्थी बहुतेक पोटापाण्याला लागलेले. मी त्यांना मराठी शिकवतो. त्यांचे स्वाध्याय आता ऑनलाइन घ्यायचे, असा वरून आदेश आला तेव्हा आमच्यातल्या बऱ्याच जणांनी कपाळाला हात लावला. मला मात्र बरं वाटलं. कागदाच्या काळात मुदत संपल्यावर लोक घरी यायचे, येताना शेंगाचटणी आणायचे, आणि हातात चटणी घेऊन माणसाला परत पाठवणं जमत नाही. संगणकाला चटणी चालत नाही.

स्वाध्याय लावायचा म्हणजे प्रश्न लिहायचा, गुण ठरवायचे, मुदत घालायची आणि काही चौकटींत खुणा करायच्या. दोन खुणा मी हमखास करायचो. पहिली, मुदत संपली की दार बंद. दुसरी, चढवलेली फाइल आधी नुसता मसुदा म्हणून राहील. विद्यार्थ्याने ‘हे काम माझे स्वतःचे आहे’ या ओळीसमोर खूण करून स्वतः ‘सादर करा’ दाबलं, तरच ती माझ्याकडे तपासायला येईल. एकमेकांचं उतरवून काढणाऱ्यांना निदान ती ओळ तरी वाचावी लागे. उतरवणं त्याने थांबलं नाही, ही गोष्ट वेगळी.

लोकांच्या तऱ्हाही कळत गेल्या. नवी पेठेत साडीच्या दुकानात काम करणारा एकजण गिऱ्हाइकांच्या मधल्या वेळात लिहायचा. त्याच्या पानांच्या फोटोत कडेला एखादा जरीकाठ ठरलेला. सीमेवरच्या दुधनीच्या एकीने कळवलं, की तिचा फोन कर्नाटकाचा टॉवर पकडतो म्हणून उशीर झाला. कर्नाटकाच्या टॉवरचं मी काय घोडं मारलंय, असं विचारायचा मोह मी आवरला.

शेवटच्या वर्षाचा शेवटचा स्वाध्याय होता ‘माझ्या कामाचा दिवस’. मुदत रविवारी संध्याकाळी संपली. सोमवारी दुपारी बाराच्या आत गुण पाठवायचे होते. सकाळी स्टाफरूममध्ये तपासायला बसलो, तर एका बाईंचं काहीच आलेलं नव्हतं.

कुंभारीच्या विडी कामगारांच्या वसाहतीतल्या बाई, वयाने माझ्याएवढ्या. घरी तेलुगू, लहानपणापासून हाताला विड्यांचं काम. पदवी झाली तर त्यांना अंगणवाडीच्या पर्यवेक्षिकेच्या परीक्षेला बसता येणार होतं, आणि वयाच्या अटीत बसायचं त्यांचं हे शेवटचं वर्ष. रिक्षावाल्याला कुठं वळायचं ते सांगावं, तशा सुरात त्यांनी मला हे पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं. या स्वाध्यायाशिवाय त्या नापास होणार होत्या, आणि पुढच्या वर्षी मिळालेली पदवी त्यांच्या काही कामाची नव्हती.

मी त्यांच्या नावापुढे शून्य घालायच्या बेतात होतो, तेवढ्यात त्या स्वतःच दारात उभ्या राहिल्या.

“सर, माजं घेतलं न्हाई का अजून?”

“तुम्ही दिलंच नाही, तर घेऊ काय?”

“दिलं की! सगळ्यांच्या आदी दिलंय. दर खेपेला पोरगा मोबाइलवर चढवून द्यायचा, या खेपेला मीच चढवलं.”

त्यांचं पान उघडून बघितलं. फाइल होती. मुदतीच्या कितीतरी आधी चढवलेली, आणि तेव्हापासून मसुदा म्हणून पडलेली.

“अहो, मग सादर का केलं नाही?”

“समोर ठेवलं की सर. घ्यायचं तुमी ना.”

मला आधी राग आला, मग हळूहळू उमगलं. विड्यांच्या कारखान्यात बाईने जुड्या चेकरसमोर मांडायच्या. तो हाताळणार, सैल नि बारीक विड्या बाजूला काढणार. त्याला छाट म्हणतात. उरलेला माल घ्यायचा तो त्याने. माझं काम झालंय, चांगलं झालंय, हे बाईने आपल्या तोंडाने म्हणायचं नाही. म्हटलं तर तो आणखी चार जास्त छाटतो.

एकट्या विद्यार्थ्याला मुदत वाढवून द्यायची सोय शिक्षकाला असते. मी ती कधी वापरली नव्हती. पण काम वेळेत झाल्याचं समोर दिसत होतं. मी मुदत वाढवली.

“आता दाबा.”

“तुमीच दाबा की, सर.”

“मी कसं दाबू? ती ओळ वाचा.”

त्यांनी मोबाइल डोळ्यांजवळ धरून एकेक शब्द मोठ्याने वाचला. “हे मी म्हनायचं?”

“तुम्हीच.”

तंबाखूने पिवळं पडलेलं बोट थोडा वेळ तसंच अधांतरी राहिलं. मग त्यांनी दाबलं, आणि कुणी रागावतंय का, म्हणून इकडेतिकडे पाहिलं. पलीकडच्या टेबलावर इतिहासाचे सर डबा उघडत होते.

मी त्यांच्यासमोरच तपासलं. निबंध मध्यम होता. पहिलं पान गाईडातलं, ‘सूर्यनारायणाची सोनेरी किरणे’ वगैरे. दुसऱ्या पानापासून सूप, पानं, कात्री, दुखणारी मान असं त्यांचं स्वतःचं सुरू होत होतं. चार गुण जास्त टाकावेत असं फार वाटलं. टाकले नाहीत.

“पास?”

“पास.”

तोवर त्या उभ्याच होत्या. आता न विचारता खुर्ची ओढून बसल्या.

“छाट किती?”

मी कापलेले गुण सांगितले, आणि का कापले तेही सांगितलं. “सकाळी तुमच्या घरात ही सोनेरी किरणं येतात का?”

“कुटं येतात! पुढं शेजारनीची भिंत हाय की.”

“मग भिंत लिहायची.”

“इतकी वर्षं लई छाटलं सर माजं,” त्या म्हणाल्या. “का छाटलं, ते कुनी सांगितलं न्हाई.”

घड्याळात बारा वाजत आले होते, बाकीच्यांचे गुण पाठवायचे राहिले होते. त्यांनी मोबाइल माझ्यापुढे सरकवला.

“सगळं सांगा,” त्या म्हणाल्या. “पैल्या ओळीपासनं.”