मंगलाष्टक, व्याकरणटिपांसह

मी अमरावतीच्या एका शाळेत मराठी व्याकरण शिकवतो. वर्गात मुलांकडून ‘मला, मला’ घोकून घेतो आणि घरी आल्याआल्या ‘मले चहा दे’ म्हणतो. अशा माणसाला आणखी एका भाषेची गरज नव्हती. पण हौसेला मोल नसतं म्हणतात, आणि माझ्या हौसेला तर अक्कलही नव्हती.

ती भाषा सुरू झाली भाचीपायी. ताई अकोल्याला दिलेली. उन्हाळ्याच्या सुट्टीत पोरीला घेऊन आमच्याकडे राहायला यायची. घसा धरतो म्हणून ताईने पोरीची कुल्फी बंद केली होती. मग आम्ही मामा-भाचीने तिच्यादेखत बोलता येईल असे शब्द बनवले. कुल्फी म्हणजे ‘गुब्बी’, ताई म्हणजे ‘ढमढम’. ‘ढमढम फुर, गुब्बी’ एवढं म्हटलं की ताई झोपली, आता निघा, हा सगळा अर्थ त्यात मावत असे.

पोरगी मोठी झाली, शिकायला पुण्याला गेली, आणि भाषा माझ्याकडे राहिली. आता मास्तराच्या तावडीत सापडलेली भाषा सुखाने कशी जगणार? मी तिला विभक्त्या लावल्या. द्विवचन दिलं. ‘ढमढम’ मला पोरकट वाटायला लागलं, म्हणून त्या जागी भारदस्त शब्द घडवला. बायको म्हणायची, “लोकं रिटायर झाल्यावर येडे होतात, तुमी आगाऊच होऊन राह्यले.”

मग भाचीचं लग्न ठरलं आणि तिचा फोन आला. “मामा, एक मंगलाष्टक तुमी म्हनसान ना?”

ते आमच्या भाषेत म्हणायचं, हे माझं मीच ठरवलं. ती भाषा जगात दोनच माणसांना येत होती आणि त्यातलं एक आता सासरी निघालं होतं. मला एवढंच हवं होतं, की भरल्या मांडवात ते फक्त तिला समजावं. मजकूर साधा होता: पोरी, दोन्ही घरं तुझी, भूक लागली तर मागून खा, राग आला तर बोलून टाक, मामाचं दार उघडं आहे. पण भाषांतर माझ्या हातात पडलं. पहिली ओळ झाली ‘भुवरेयो नेमु तव’. तिच्यावर टीप पहिली: ‘भुवरेयो’ हे ‘घर’ या शब्दाचं द्विवचन. टीप दुसरी: ‘तव’ संस्कृतातून घेतलेला नाही, साम्य दिसल्यास योगायोग समजावा. टिपा मंगलाष्टकापेक्षा लांबल्या. ते फक्त तिला समजावं हे विसरून मी त्या जाड कागदावर छापून घेतल्या आणि वऱ्हाड्यांना वाटायला अकोल्यात ताईच्या जावेकडे सोपवल्या.

मंगलाष्टकांच्या वेळी आमच्याकडे मामा नवरीच्या पाठीशी उभा असतो. त्यामुळे माझ्या हाती माइक आला तेव्हा मला भाचीचा फक्त गजरा दिसत होता. मी चालीवर सुरुवात केली. कोणी चमकलं नाही. कोणी कुजबुजलं नाही. शेवटच्या ओळीपर्यंत लोक मुठीत अक्षतांची रंगवलेली ज्वारी धरून शांत उभे होते. ‘सावधान’साठीही मी स्वतःचा शब्द घडवला होता. तो मी खणखणीत म्हटला आणि थांबलो.

एकही दाणा पडला नाही. बँडवाला टिपरू वर धरून माझ्याकडे बघत राहिला. शेवटी पुढच्या रांगेतली एक म्हातारी ओरडली, “सावधान म्हना ना जी! हात दुखून राह्यले!”

माझ्या तोंडून निमूटपणे ‘सावधान’ निघालं आणि ज्वारीचा मारा सुरू झाला. नवरदेवाचे काका नंतर येऊन म्हणाले, “मास्तरांचं संस्कृत लई शुद्ध हाय. फकस्त शेवट इसरले.” टिपांचं काय झालं ते खाली बघितल्यावर कळलं. ताईच्या जावेने त्यांच्या पुड्या बांधून अक्षता वाटल्या होत्या. कागद मजबूत निघाला, असं तिने मला कौतुकाने सांगितलं. माझं द्विवचन मांडवभर पायदळी पडलं होतं.

त्याचं मला काही वाटलं नाही. मला फक्त भाचीला विचारायचं होतं. पंगती उठल्यावर मी तिच्याजवळ गेलो. आमच्याकडे भाचीने मामाच्या पाया पडायचं नसतं, मामानेच भाचीच्या पडायचं. मी वाकलो आणि वाकल्यावाकल्याच विचारलं, “समजलं का तुले?”

“खरं सांगू मामा? एक शब्दबी नाही समजला.” ती माझे खांदे धरून मला उठवत होती. “मले वाटलं तुमी आपल्या भाषेत म्हनसान. कावून नाही म्हनलं?”

आपल्याच तर भाषेत म्हटलं होतं मी. इतकी वर्षं मी त्या भाषेत सुधारणा करत होतो, आणि सुधारता सुधारता भाचीलाच तिच्यातून बाहेर काढून बसलो होतो. मला फार वाईट वाटलं.

माझा चेहरा बघून ती हळूच दोन-तीन शब्द बोलली. कुल्फीच्या वेळचे, वेडेवाकडे. मामा, मला भेटायला याल ना, असा त्याचा अर्थ. सांगायला लाज वाटते, पण मला आधी त्यातली चूक दिसली. मग डोळे भरून आले. तिला उत्तर द्यायला गेलो, तर त्या भाषेत ‘हो’ला काय म्हणायचो तेच आठवेना. मी नुसती मान हलवत राहिलो.