नामेलेचं पान

लेइमाउरी माझ्यासमोरच्या टेबलावर बसते. आमच्या बेटांची राजधानी पोर्ट विला, तिथल्या कचेरीत तिच्याइतकी भित्री बाई दुसरी नाही. पाल दिसली तरी खुर्चीवर चढते. कामाला मात्र वाघीण. बेटाबेटांवरून समुद्राच्या नोंदी ज्याच्या त्याच्या भाषेत येतात. ती एकाच अर्थाच्या शब्दांना एक क्रमांक देते. मग कुठलीही नोंद सगळ्यांना आपापल्या भाषेत फोनवर वाचता येते. अकरा वर्षं हेच चाललंय.

किनाऱ्यावर नामेले या ताडासारख्या झाडाचं पान गावच्या चीफने रोवलं, की तिथली मासेमारी बंद. पान कशासाठी, हे आपल्यात कोणी विचारत नाही. तो चीफचा अपमान. म्हणून तिनेही विचारलं नाही. सगळ्या बेटांवरची पानं एकाच क्रमांकाखाली घातली. मी शहाणी शेजारी बसून मान डोलावत होते!

शुक्रवारी टोंगोआ बेटावरून कळलं, चीफच्या सुतकाचे शंभर दिवस संपले, पान काढलं. तिने तो क्रमांक ‘खुला’ केला. त्या क्रमांकाखालच्या प्रत्येक गावाला निरोप गेला.

शनिवारी दुपारी एमाऊ बेटावरचा नोंदी ठेवणारा काल्साऊ फोनवर ओरडत होता, “अगं बाई, आमचं पान सुतकाचं नव्हतं! इथले मासे विषारी झालेत म्हणून रोवलं होतं!”

एमाऊ तिचं गाव. आई तिथेच राहते.

लेइमाउरीच्या तोंडचं पाणी पळालं. तिला आईचा नंबरही आठवेना, शेवटी मीच तो लावून दिला.

“आई, मासे खाल्लेस?”

“खाल्ले की! तुझाच निरोप ना? आम्हाला वाटलं, तपासणी झाली, विष गेलं. तुझ्या भावानं पान उपटलं. मघापासून गार पाणी प्यालं तरी ओठ भाजतायत बघ. शेजारीण म्हणते, विषच. म्हटलं, माझ्या लेकीनं सांगितलंय, विष कसलं?”

“विषच आहे, आई! सगळे बोटीत बसा, दवाखाना गाठा. आत्ता!” लेइमाउरी रडायला लागली. “पान कशासाठी आहे, मला का नाही सांगितलंत?”

“तू विचारलंस कुठे?”

मग म्हातारी हळूच म्हणाली, “आणि विचारलं असतंस, तर मीच तुझी जीभ हासडली असती गं.”