जित्ता शे

सातपूरच्या आमच्या वाचनालयातल्या ग्रंथपाल बाईंचं नाव मला अजून ठाऊक नाही. सगळे त्यांना मॅडम म्हणतात आणि त्या सगळ्यांना भाऊ म्हणतात, संगणकालासुद्धा. वाचकांसाठी असलेला तो एकुलता एक संगणक बटण दाबलं की जरा वेळ पंखा फिरवतो आणि गप्प होतो. मग बाई प्लग काढतात, पत्रा उघडतात, आतली रॅमची पट्टी उपसून शाळकरी खोडरबराने घासतात आणि परत बसवतात. तोंडाने माहेरची अहिराणी चालू असते, "ऊठ ना भाऊ, लोके वाट देखी ऱ्हायनात."

परवा अध्यक्षांनी नवा संगणक आणला. त्याच्यासोबत हार, फीत आणि माईकही आला. नवा त्यांच्या केबिनमध्ये जाणार होता आणि जुना भंगारात. भंगारवाला दारात उभाच होता. वाचकांनी काय करायचं, हे भाषणात नव्हतं.

"जुनं यंत्र आता मृत झालेलं आहे," अध्यक्ष म्हणाले. "हो ना, मॅडम?"

बाईंनी खोडरबर काढला. माईकवर डिजिटल क्रांती चालू असताना मागे पत्रा खडखडला. पंखा फिरला आणि थांबला. अध्यक्ष हसले. बाईंनी पट्टी पुन्हा घासली, बटण दाबलं आणि पडदा उजळला.

"जित्ता शे, साहेब!" बाई मोठ्याने म्हणाल्या आणि पाळी संपवून आलेल्या एका कामगाराकडे खुर्ची सरकवली. "बसा भाऊ, तुमचा अर्ज राहिलाय ना?"

भंगारवाल्याला त्या दिवशी नव्या संगणकाचं खोकं तेवढं मिळालं.