राजाची कवळी

कवळीवाला हे नाव त्याला बायकोनंच ठेवलं होतं, लग्नाआधी. दंतवैद्यांसाठी तो कवळ्या करायचा. मेणात दात बसवायचे, घासायचे, चकाकवायचे, दिवसभर मान खाली. घरी आला की कॉम्प्युटरपुढे पुन्हा मान खाली. तिथं तो जुन्या धाटणीचा एक गेम बनवत होता. ठोकळ्या-ठोकळ्यांची चित्रं, मोजके रंग, आणि कशावरही क्लिक केलं की खाली अक्षरं उमटायची, म्हणजे गेममधला नायक बोलायचा. राजाची कवळी चोरीला गेलेली असते. राजा ‘तोफ आणा’ म्हणाला की शिपाई टोप घेऊन हजर. ती कवळी शोधायची, एवढीच गोष्ट.

चित्रं त्याची, बोलणं सगळं तिचं. ओट्याशी उभी राहून, कांदा चिरता चिरता ती सांगायची.

‘‘रिकाम्या हंड्यावर क्लिक केलं तर?’’ तो विचारी.

‘‘हंड्यात काही नाही. पण काय ऐसपैस काही नाही आहे!’’

‘‘आणि बंद दारावर?’’

‘‘आतून कडी. नक्की माझी सासुरवाडी.’’

टाइप करताना त्याला हसू आवरायचं नाही.

शेवटची खोली तेवढी राहिली होती, तेव्हा तिला झटका आला. हातपाय सावरले, शब्द गेले. वाचताही येईना. चमचा मागायचा तर ‘ते... ते...’ करत राहायची आणि शेवटी चिडून भिंतीकडे तोंड फिरवायची.

‘‘ओळखीचं काहीतरी ऐकवत राहा,’’ बोलायला शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या. त्यानं गेम लावला, माउस तिच्या हातात दिला. तिनं हंड्यावर क्लिक केलं. त्यानं वाक्य मोठ्यानं वाचून दाखवलं. ती हसली, पण नवख्या पाहुण्याच्या विनोदाला हसतात तशी, सभ्यपणे.

‘‘हे तुझंच आहे गं.’’

तिनं मान हलवली. नाही.

मग शेवटची खोली आपणच पुरी करायची, असं त्यानं मनावर घेतलं. ओट्याशी उभा राहिला, कांदाही चिरून पाहिला. डोळ्यांत पाणी आलं, डोक्यात काही आलं नाही. जे सुचलं ते ओढूनताणून लिहिलं आणि मेहुणीला खेळायला बसवलं. ती पोट धरधरून हसत होती. शेवटच्या खोलीत शिरली आणि हळूहळू गप्प झाली.

‘‘भाऊजी, ही खोली तुम्ही लिहिलीत ना?’’

‘‘कळलं?’’

‘‘ताई असती तर...’’ म्हणाली आणि तिनं जीभ चावली. ताई शेजारीच बसून टॉवेलच्या घड्या घालत होती.

त्यानं ती खोली काढून टाकली. गेम तसाच, शेवटाशिवाय, इंटरनेटवर सोडून दिला. राजा बोळकाच राहिला. थोडे लोक खेळले. शेवट कुठे गायब केलात म्हणून काहीजण करवादले. एकानं मात्र लिहिलं, ‘कितीतरी दिवसांनी असा हसलो. हे लिहिणाऱ्याला माझा नमस्कार सांगा.’

सकाळी कामाला निघताना त्यानं तिच्यापुढे बसून, सावकाश, तो नमस्कार सांगितला. तिनं लक्ष देऊन ऐकलं. ओठ हलले, थांबले, पुन्हा हलले. बऱ्याच वेळानं एक शब्द हाती लागला.

‘‘कोणाला?’’

‘‘तुला,’’ तो म्हणाला.

तिनं मागं वळून पाहिलं, तिथं कुणी उभं आहे का ते.