घुटीची सहाण

"थांब तिथंच! लेकराजवळ येऊ नको. आधी आंग धू!"

बुलढाण्याच्या टेस्टिंग लॅबमध्ये मी नुकतीच मायक्रोबायोलॉजिस्ट म्हणून लागले होते, आणि संध्याकाळी मोताळ्याला घरी पोचले की आई मला अंगणातच अडवायची. मयतीवरून आल्यासारखी मी आधी न्हाणीत, मग घरात. बहीण बाळंतपणाला आलेली. तिच्या तान्ह्या पोराला जुलाब लागले होते. औषधानं थांबायचे, की पुन्हा सुरू. पोर पार सुकून गेलं. एक दिवस आई सरळच म्हणाली, "तूच आणून राह्यली ते जंतू. सोड ते नोकरी. लेकरू गेलं तं काय करशील?"

मी? दिवसभर हातमोजे, स्पिरिट, ज्योतीजवळ बसून काम, आणि घरी हा मान! डोक्यात तिडीक गेली. म्हटलं, थांब माय, दाखवतेच तुला.

लॅबच्या मॅडमना विचारून कापूस लावलेल्या निर्जंतुक काड्या घरी आणल्या. न्हाणीत जायच्या आधीच माझ्या हातांवरून, ओढणीवरून फिरवल्या, पिण्याचं पाणीही घेतलं. आई तेव्हा बाळाची घुटी उगाळायला बसत होती. पाणी उकळून गार केलेलं, वेखंड, हळकुंड, मुरडशेंग सगळं धुतलेलं. तिनं सहाण घेतली आणि पदरानं पुसली. त्याच पदराला मघाशी तिनं बाळाचं घाण दुपटं धुऊन हात पुसले होते. मग मी दोन काड्या आणखी काढल्या, एक सहाणेवरून फिरवली, एक तिच्या पदरावरून.

दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये त्या काड्या प्लेटांवर फिरवून इन्क्युबेटरच्या उबेत ठेवल्या, तिसऱ्या दिवशी तो उघडला. पाण्याची प्लेट कोरी. माझ्या हातांची, ओढणीचीही कोरी. सहाणेची मात्र गुलाबी ठिपक्यांनी गच्च! त्या प्लेटवर गुलाबी म्हणजे पोटातून बाहेर पडलेले जंतू. पदराची तर विचारूच नका. बाई बाई बाई! आणि खरं सांगते, मी आधी फोटो काढला. जिंकले होते ना!

संध्याकाळी अंगणातच मोबाइल तिच्यापुढे धरला. "हे माझे हात. ही तुझी सहाण. आणि हा तुझा पदर."

आईनं मोबाइल डोळ्यांजवळ नेला. "म्हंजे मीच?"

मी आपली सुरूच, सहाण उकळत्या पाण्यानं धू, पुसू नको, हात साबणानं धू. तिनं सगळं तसंच केलं. जुलाब थांबले, पोर हळूहळू भरलं. नोकरी सोडायचं नाव कोणी काढलं नाही.

मग एक दिवस मी लॅबमधून आले तर बाळ उंबऱ्याच्या आत पाळण्यात रडून राहिलेलं. बहीण आतून ओरडली, "आई, घे ना वं त्याले!"

आई न्हाणीतून आली. लुगड्यासकट डोक्यावरून पाणी घेतलेलं, निथळत होती. उंबऱ्यापाशी थांबली. हात पुढे केले, आणि मागे घेतले.

"तूच घे वं," मला म्हणाली. "तुहे हात साफ हायेत."

मी अजून पायही धुतले नव्हते.