फक्त एक शिल्लक

भाव केल्याशिवाय काहीही विकत घेणं हे पाप आहे असं मानणारा, आणि त्या पापापासून उभ्या जन्मात अलिप्त राहिलेला एकच माणूस मी पाहिला आहे. ते म्हणजे माझे थोरले साडू, आमच्या सौभाग्यवतींच्या मोठ्या बहिणीचे यजमान. दुसरबीडला रस्त्याला लागून त्यांचं बी-बियाण्यांचं आणि खतांचं दुकान आहे. दिवसभर ते गिऱ्हाइकांना 'एकच भाव' अशी पाटी दाखवतात आणि स्वतः बाहेर पडले की ती पाटी दुसऱ्या कुणाच्या दुकानात असू शकते हे त्यांना मान्य नसतं. एकदा त्यांची दाढ ठणकत होती. डॉक्टरांनी ती काढायचे पैसे सांगितल्यावर यांनी उघड्या तोंडाने, चिमट्याच्या बाजूबाजूने बोबड्या आवाजात, दोन दाढांचा मिळून काय भाव लावाल असं विचारलं. दुसरी दाढ ठणठणीत होती. स्वस्तात पडत असेल तर काढून टाकू, पुढेमागे दुखणारच आहे, असा त्यांचा हिशेब. डॉक्टर भले म्हणून ती वाचली, आणि आज ते तिनेच सुपारी फोडतात.

असा माणूस संगणकावरचे खेळ विकत घेण्याच्या नादाला लागेल असं मला कुणी सांगितलं असतं, तर मी त्यालाच डॉक्टरकडे नेलं असतं. पण झालं खरं. पुण्याला नोकरी करणाऱ्या त्यांच्या मुलीने नवा संगणक घेतला आणि जुना, पण चांगला दणकट, वडिलांना बिलं करायला पाठवून दिला. त्यात तिचा ट्रक चालवायचा एक खेळ राहून गेला होता. साडूंनी तो कुतूहलाने उघडला आणि त्या दिवशी बिलं झाली नाहीत. दुकानाच्या दारासमोरून चोवीस तास खरेखुरे ट्रक धडधडत जातात, त्यांच्याकडे त्यांनी कधी मान वर करून पाहिलं नव्हतं. पण पडद्यावरचा ट्रक कुठल्याशा परदेशातल्या बर्फाळ रस्त्यावरून लाकडाचे ओंडके घेऊन निघाला की त्यांचा जीव टांगणीला लागायचा.

आणि या ट्रकवर ते एकटे नव्हते. शेजारी विहिरीवरच्या मोटारी वायंडिंग करून देणाऱ्या मिस्त्रींचं दुकान होतं. साडू आणि मिस्त्री तीस वर्षांचे शेजारी. एकाच्या घरची पुरणपोळी आणि दुसऱ्याच्या घरचा शीरखुर्मा कधी चुकला नाही. संगणक एक, खुर्ची एक, म्हणून दोघांनी कामं वाटून घेतली. एकजण ड्रायव्हर व्हायचा आणि दुसरा शेजारी उभा राहून क्लीनर. दुपारी बाजार थंडावला की गाडी निघे. क्लीनरने बाजू बघायची, "येऊ दे, येऊ दे, अजून येऊ दे" म्हणायचं आणि थांबवायचं असेल तर टेबलावर दोनदा थाप मारायची. बर्फातल्या त्या वळणांना दोघांनी मेहकरचं वळण, नाल्याचं वळण अशी नावं देऊन टाकली होती. युरियासाठी आलेला शेतकरी आधी पंधरा मिनिटं गाडी मागे कशी घ्यावी यावर सल्ला देई आणि मग युरिया मागे. शुक्रवारी मिस्त्री नमाजाला जात तेव्हा ट्रक रस्त्याच्या कडेला उभा असे. क्लीनरशिवाय गाडी हलवायची नाही, हा कायदा होता.

पुढे मुलीने त्यांना दाखवून दिलं की असे खेळ इंटरनेटवर विकतही मिळतात. तिथे साडूंना पहिली ठेच लागली, कारण भाव करायला समोर माणूसच नव्हता. दोन दिवस ते उदास होते. मग त्यांना सेलचा शोध लागला. ठरावीक दिवशी, ठरावीक वेळेला, शंभराचा खेळ वीसवर येतो, पण तो उघडायचे कोड मोजकेच. पन्नास किंवा शंभर, संपले की संपले. न मागता स्वतःहून भाव खाली आणणाऱ्या दुकानदाराबद्दल त्यांच्या मनात अपार आदर निर्माण झाला. त्यांनी घ्यायचा सपाटा लावला. मासे पकडायचा खेळ, भुताचा खेळ, अंतराळातला खेळ असे चाळीसेक तरी त्यांच्याकडे जमले असतील, आणि ट्रक सोडला तर त्यातला एकही त्यांनी खेळलेला नाही. शेतीचा एक उघडला होता, पण त्यात बियाण्याचा भाव बघून संतापाने बंद केला. न खेळता घेता कशाला असं ताईंनी, म्हणजे माझ्या मेहुणीने, विचारलं तर म्हणाले की हा माल पडून राहिला तरी त्याला घूस लागत नाही, असा माल आपल्या धंद्यात मिळतो का सांग.

त्यांना फक्त एकच गोष्ट पटत नव्हती. मी मेहकरला शाळेत शिकवतो, म्हणून अशा शंकांचा निकाल माझ्याकडे लागतो. जो माल हवेत आहे तो संपतो कसा, असं त्यांनी मला तीन वेळा विचारलं. कंपनी मुद्दाम थोडेच कोड काढते, असं मी सांगितल्यावर त्यांचा चेहरा उजळला. त्यांना बियाण्याच्या धंद्यातली, मुद्दाम टंचाई करणारी सगळी जुनी माणसं त्यात दिसली. चार खेळ एकत्र घ्या म्हणणाऱ्या जाहिरातीला तर ते हातही लावत नसत. हव्या त्या खताबरोबर नको ती बाटली गळ्यात मारायची, याला त्यांच्या धंद्यात लिंकिंग म्हणतात, आणि लिंकिंगपायी त्यांनी मोठमोठ्या माणसांशी भांडणं केली आहेत. इथे तेच चाललंय हे त्यांनी पहिल्याच दिवशी ओळखलं.

मालाच्या टंचाईबद्दल त्यांचा स्वतःचा एक नियम आहे, तो इथे सांगायलाच हवा. जूनमध्ये कपाशीचं एखादं नावाजलेलं वाण मोजक्याच पाकिटांत येतं आणि दुकानासमोर पहाटेपासून रांग लागते. साडू रांगेतल्या सगळ्यांना देतात, पण शेवटचं पाकीट देत नाहीत. ते टेबलावर सगळ्यांना दिसेल असं ठेवतात. रांगेत नसलेला, एसटी चुकलेला, लांबून येणारा एक माणूस असतोच, तो आला की ते त्याचं. वडिलांपासूनची ही रीत आहे. एकदा सख्ख्या भावाला त्यांनी ते पाकीट नाकारलं आणि संध्याकाळी साखरखेर्ड्याकडून घामाघूम होऊन आलेल्या एका अनोळखी बाईंना दिलं. भाऊ वर्षभर बोलला नाही. ही रीत त्यांच्या अंगात इतकी मुरली आहे की ताटातलं शेवटचं भजंही ते उचलत नाहीत. त्यामुळे ताई नेहमी दोन भजी जास्त तळतात आणि ती मला खावी लागतात.

सगळं असं सुखात चाललं असताना मिस्त्रींचं नागपूरला जायचं ठरलं. बारीक तार दिसेनाशी झाली होती, वायंडिंग जमेना, आणि नागपूरचा मुलगा किती दिवसांपासून बोलावत होता. रमजान ईद झाली की निघायचं. साडूंनी ही बातमी ऐकून फक्त बरं म्हटलं आणि एक दिवस दुकान उघडलं नाही. मग त्यांचा मला फोन आला. ट्रकचा एक नवा खेळ निघालाय म्हणाले, त्यात दोन गावची दोन माणसं आपापल्या घरून एकाच रस्त्यावर गाडी चालवू शकतात, एक पुढे, एक मागे. मिस्त्रींना न सांगता दोन घ्यायचे. बाजाराच्या दिवशी दुपारी एक वाजता सेल आहे, शंभर कोड. एका वेळी एकच मिळतो, म्हणून घाई होणार. पैसे भरताना फोनवर येणारा आकडा वाचून दाखवायला माणूस पाहिजे. एवढ्या अगतिक आवाजात ते माझ्याशी कधी बोलले नव्हते. मी शाळेत पोटदुखी सांगून अर्धी रजा टाकली.

गेलो तर ऐन बाजाराच्या दिवशी त्यांनी शटर अर्धं खाली ओढलं होतं. संगणकासमोर उदबत्ती लावलेली. एक वाजला आणि शिल्लक आकडा पळायला लागला, नव्वद, सत्तर, बावन्न. मी फोनवरचा आकडा वाचला, साडूंनी तो टाकला आणि पहिला कोड आला. त्यांनी तो पाठ्यपुस्तकातल्या अक्षरात बिलाच्या कागदावर लिहून घेतला. लगेच दुसऱ्याच्या मागे लागलो. पण पान गरगरत राहिलं. शटरखालून कुणीतरी वाकून किडीचं औषध, थायमेट, आहे का विचारत होतं. पान उघडलं तेव्हा तिथे लिहिलं होतं, फक्त एक शिल्लक.

साडूंचं बोट थांबलं. दाबा म्हटलं, तरी हलेना.

"एकच हाये, सर," ते म्हणाले.

"आपल्याला एकच तर हवाय."

"मांगं कोनी असंन."

संगणकात मागं कोण असणार, असं मी जवळजवळ ओरडलोच. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि हळूच म्हणाले, "लाइन दिसत नाई म्हनून लाइन नाई असं थोडीच रायते."

त्यांना तो कोड हवा होता. मी इतकं काही हवं असलेला माणूस फार क्वचित पाहिला आहे. त्यांचे डोळे त्या बटणावरून हलत नव्हते आणि हात मात्र मांडीवर गेला होता. दहा-पंधरा सेकंदांत आकडा शून्य झाला. गेला कुणाच्या तरी घरी, असं म्हणून त्यांनी उदबत्ती विझवली आणि शटर वर केलं. मी मात्र भडकलो. नियम बियाण्याला ठीक आहेत, असल्या भुक्कड खेळाला कसले नियम, आणि माझी रजा गेली ती कोण देणार, असं बरंच काही बोललो आणि ताईंनी ठेवलेला चहा न घेता बस पकडली. आज आठवलं की लाज वाटते.

पुढचं मला ताईंकडून कळलं. मिस्त्रींचा टेम्पो निघाला त्या दिवशी साडूंनी तो एकुलता एक कोड बियाण्याच्या रिकाम्या पाकिटात घातला, तोंड चिकटवलं आणि मिस्त्रींच्या खिशात कोंबला. मुलाकडे संगणक आहे, बसून राहू नको, गाडी चालव, दोन गावांहून दोघांना चालवता येते, एवढंच सांगितलं. स्वतःसाठी दुसरा घेतला की नाही हे मिस्त्रींनी विचारलं तेव्हा चक्क हो म्हणाले. खोटं बोलण्याचा सराव नसल्यामुळे ते ताबडतोब पकडले गेले, पण टेम्पो सुरू झाला होता. मी फोन करून म्हटलं की पूर्ण किमतीचा एक मी तुम्हाला घेऊन देतो. भाव न करता घेतलेली वस्तू घरात येणार नाही, असं म्हणून त्यांनी फोन ठेवला. पुढचा सेल येईपर्यंत थांबायचं त्यांनी ठरवलं होतं.

दिवाळीत फराळ घेऊन आम्ही दुसरबीडला गेलो. दुपारची वेळ. दुकानात शिरलो तर साडू टेबलाशी उभे, समोर वजनकाट्याला टेकवून ठेवलेला मोबाइल. त्यात नागपूरच्या संगणकाचा पडदा दिसत होता आणि मिस्त्रींच्या पांढऱ्या दाढीचा थोडा भाग. मिस्त्री गाडी चालवत होते आणि साडू इथून येऊ दे, येऊ दे करत होते. एक शेतकरी पोत्यावर बसून मन लावून बघत होता. मिस्त्री मधेच म्हणाले, "अबे, झोपला का तू? पुलाखालून जाईन का गाडी, सांग नं." साडू म्हणाले की जाईल, हळू घे.

मी मागच्या संगणकाकडे सहज पाहिलं. दिवाळीचा सेल चालू होता. तोच खेळ, तोच पडलेला भाव, आणि शिल्लक त्रेसष्ट. माझा जीव भांड्यात पडला. मी त्यांच्या कानाशी म्हटलं की शेवटचा नाही, कुणाच्या वाट्याचा नाही, आता तरी घेऊन टाका. त्यांनी फोनवर हात ठेवला, पडद्याकडे बराच वेळ पाहिलं. त्रेसष्टचे अठ्ठावन्न झाले. मग त्यांनी ते पान बंद केलं.

"काऊन?" मी त्यांच्याच भाषेत विचारलं.

"दोन गाड्या झाल्या तं तो त्याच्या गाडीत अन मी माह्या गाडीत," ते म्हणाले. "मंग त्याच्या बाजूले कोन राहीन, सर?"

त्या माणसावर मी रजेसाठी चिडलो होतो. फोनमधून मिस्त्री विचारत होते की डावीकडून जागा आहे का. साडूंनी फोनवरचा हात काढला आणि खरोखरच वाकून आपल्या डावीकडे बघितलं. तिथे खताची पोती रचून ठेवलेली होती.

"हाये," ते म्हणाले. "येऊ दे."